अर्ध्या किमतीतला बिटांचा संच

सोमवार, ६

सकाळी सकाळी नणंदबाईंचा फोन. रविवारी येणार आणि आईला घेऊन जाणार. चार दिवस हवापालट म्हणून नव्हे, कायमचं. गेल्या आठवड्यात सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. कंबरेला मुका मार बसला, हाड शाबूत राहिलं हे नशीब. तेव्हापासून ताईंच्या डोक्यात हेच चाललंय. "तुमच्या बाथरूममध्ये धरायला साधा दांडा नाही. माझ्याकडे बघ, सगळीकडे दांडे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" फोन स्पीकरवर होता आणि सासूबाई शेजारीच पेपर वाचत बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

हे म्हणाले, "बघू." लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचं 'बघू' कधी बघून झालेलं मला आठवत नाही.

खरं सांगू? जाऊ देत की. टीव्हीचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत जातो. दुकानातून यायला जरा उशीर झाला की दारातच उलटतपासणी. आज तर मी फोनवर बोलतेय आणि ह्या मागून ओरडतायत, "अगं दूध! दूध!" गेले बंद करायला, तेवढ्यात साय काठाला आलीच होती. घरात जरा शांतता तरी होईल.

पण माझं घर धोक्याचं? हे मी ऐकून घेणार नाही. दांडा आणलेला आहे, चांगला जाडजूड स्टीलचा. त्या पडल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आणला. प्लंबर रोज "उद्या येतो" म्हणतो आणि दांडा पलंगाखाली गुंडाळलेला पडून राहतो, त्याला मी काय करू? तसं मी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "रविवारपर्यंत पक्का बसला तर आईला न्यायचं नाव काढणार नाही. पण मी लोंबकळून बघीन हं." ताईंची अंगकाठी बघता ही धमकीच आहे.

बसणार. रविवारच्या आत बसणार. मग सासूबाईंना जायचं तर खुशाल जाऊ देत, पण माझ्या बाथरूमला नावं ठेवून नाही.

मंगळवार, ७

प्लंबर म्हणाला, "उद्या नक्की." मी म्हटलं, "उद्या म्हणजे कधीचा उद्या?" तर शांतपणे म्हणतो, "पुढच्या आठवड्यातला." म्हटलं, आता तुझं तोंडही बघायला नको.

माळ्यावरून ड्रिल मशीन काढलं. ह्यांना ऑफिसात कसल्यातरी स्पर्धेत बक्षीस मिळालेलं. पेटी उघडली तर आत बिट एकच, तेही टोक मोडलेलं. भोक पाडते ती पीळदार सळई म्हणजे बिट. मशीन तिला नुसतं गरगर फिरवतं. म्हणजे आमच्याकडे शिवणयंत्र होतं आणि सुईच नव्हती. हे म्हणाले, "मग राहू दे." ह्यांच्या बोलण्यात 'बघू'च्या पुढची पायरी 'राहू दे' असते.

कपडे दुरुस्तीचं माझं दुकान दुपारचं बंद केलं आणि सरळ हार्डवेअरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "साहेब नाही आले?" म्हटलं, "साहेबांना भोक पाडायचं नाहीये, मला पाडायचंय." आधी त्याने एक भलीमोठी पेटी पुढे केली, बघूनच छाती दडपली. कारखाना काढायचा नाहीये हो, एक दांडा लावायचाय. मग त्याने काउंटरखालून छोटी निळी पेटी काढली. घरगुती कामाचा सुरुवातीचा संच. काळे बिट लोखंडाला, मधे अणकुची असलेले लाकडाला, आणि टोकाला रुंद पातं बसवलेले भिंतीला. बारीक ते जाड, ओळीने मांडलेले. माझ्या सुयांच्या पाकिटासारखे. बघताक्षणी जीव जडला.

"झाकणाची कडी तुटलीय," तो म्हणाला, "म्हणून अर्ध्या किमतीत."

अर्ध्या किमतीत! मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. उलट कडी खालीवर करून तोंड वाकडं केलं. त्याने भिंतीत बसवायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या वर फुकट दिल्या. शिवाय सांगितलंही नीट, "टाइलवर चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरणार नाही. टाइल पार होईपर्यंत मशीनची ठोक बंद ठेवा, बिट नुसतं फिरू द्या, नाहीतर तडा जाईल. आणि घाई करू नका." शेवटचं वाक्य त्याने जरा जास्तच माझ्याकडे बघून म्हटलं.

पेटीला ब्लाउजची नाडी बांधून आणली. घरी सासूबाईंनी एकेक बिट हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, "ह्याने रविवारच्या आत होईल?" म्हटलं, "होईल म्हणजे काय!" त्यांच्या खोलीत मोठी बॅग पलंगावर काढलेली आहे. आत फक्त एक शाल. म्हाताऱ्या माणसांची कामं हळूच चालतात.

बुधवार, ८

आधी सराव. दुकानातल्या जुन्या फळीवर लाकडाचं बिट लावलं. भर्रकन भोक! भुसा उडाला, नाकात गेला, मी शिंकत शिंकत अजून पाडली. फळीची चाळणी झाली तेव्हा थांबले. दुरुस्तीचे कपडे न्यायला आलेल्या बाई दारातूनच म्हणाल्या, "नंतर येते."

मग संध्याकाळी घरी बाल्कनीची भिंत घेतली, भिंतीचं बिट लावून. नुसता आवाज. धूर निघाला, वास सुटला, पण भिंतीवर काळ्या ठिपक्यापलीकडे काही नाही. जोर लावला, पाय भिंतीला टेकवून लावला, तरी ढिम्म. हे येऊन बघून गेले. म्हणाले, "पूर्वीचं बांधकाम आहे, मजबूत असतं." अर्ध्या किमतीतला माल म्हणून मला फसवलं की काय, ह्या विचाराने माझं डोकं तापलं. उद्या जाऊन त्याच्या काउंटरवर पेटी आपटायची, वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली.

चहा घेताना मशीन समोर ठेवून नुसतं फिरवत बसले होते. बघते तर बिटाचा पीळ आत यायच्या ऐवजी बाहेर पळतोय. शिवणयंत्राचं चाक उलटं फिरलं की दोरा कसा गुंततो, ते रोज बघणारी बाई मी! मशीनच्या बाजूला एक छोटं बटण आहे, सुलटं-उलटं करायचं. ते उलट्यावर होतं. कधीतरी ह्यांनी जुन्या कपाटाचे स्क्रू काढले होते, तेव्हापासून तसंच.

बटण सरकवलं. ठोक चालू केली. भिंतीत बिट असं गेलं की मीच पुढे पडले. एवढा आनंद मला पहिलं शिवणयंत्र आणलं तेव्हा झाला होता. त्या भरात बाल्कनीत भोकंच भोकं. छत्र्यांची, झाडूची, कपड्यांच्या दोरीची सोय झाली, बाकीची कशासाठी ते ठरायचंय. ह्यांना म्हटलं, "भिंत मजबूत नव्हती, आपण उलटे होतो." हे हसले. बऱ्याच दिवसांनी मोकळे हसले.

मध्येच बिट घट्ट करायची मशीनची किल्ली सापडेना. घर पालथं घातलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या केसांत बघ." अंबाड्यात खोचलेली होती. त्यांना अगदी सगळं दिसतं.

गुरुवार, ९

आजचा दिवस सोन्याचा.

दुपारी सासूबाईंना बाथरूममध्ये नेऊन भिंतीपाशी उभं केलं. गिऱ्हाइकाला टेप लावताना मी मागेपुढे बघत नाही, पण सासूबाईंना टेप लावायची अजून मला हिंमत होत नाही. त्यांचे कपडेसुद्धा मी जुन्या कपड्यांवर बेतते. म्हणून फक्त विचारलं, "आई, हात कुठे टेकतो ते दाखवा." त्या ताठ उभ्या राहिल्या आणि सरळ हात पुढे करून टाइलवर तळवा ठेवला. "इथे." वयाच्या मानाने काय ताठ आहेत! मी शिवणाच्या खडूने खूण केली, तर टाइलवर खडू उमटेना. चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने केली.

मग मशीन हातात घेतलं आणि घाम फुटला. बाल्कनीची भिंत निराळी. ह्या टाइला आता बाजारात मिळत नाहीत. तडा गेला तर रविवारी ताई आधी तडा बघतील आणि मग माझ्याकडे. ह्यांना टॉर्च धरायला उभं केलं. सासूबाई दारात स्टूल टाकून बसल्या. "हळू." "बंद कर आता." "चष्मा लाव आधी." मी म्हटलं, "आई, मशीन माझ्या हातात आहे ना?" चष्मा मात्र लावला.

पांढरी पूड पडत होती. मधेच आवाज बदलला, जाड झाला. टाइल पार झाली होती! ठोक चालू करून आत शिरले. तडा नाही. दुसरं भोक, तिसरं, चौथं. गिट्ट्या टकाटक बसल्या, स्क्रू पिळले, दांडा लावला. मी धरून लोंबकळले, हे लोंबकळले. हलला नाही.

"झालं!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्यांनी काय झालं म्हणून विचारलं. ताईंना फोटो पाठवला. उत्तर आलं, "रविवारी बघते." या, या, बघा!

शुक्रवार, १०

आज मन ठिकाणावर नाही.

सासूबाई आंघोळ करून बाहेर आल्या. त्या आत असल्या की हल्ली मी बाहेर उभी असते. इस्त्रीचे कपडे तिथेच जवळ असतात म्हणून. त्यांच्यामागे आत गेले तर दांडा कोरडा ठणठणीत. थेंब नाही त्याच्यावर. आणि टाइलवर, दांड्याच्या चांगलं वीतभर खाली आणि नळाच्या बाजूला, साबणाचा पंजा. पाचही बोटं. त्याच्याखाली बोटं ओघळल्याच्या रेघा.

म्हणजे परत घसरत घसरत वाचल्या.

"आई, दांडा धरला नाही?"

"धरला की."

"कोरडा आहे."

त्या केस पुसत राहिल्या. मग मला कळलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. टेप काढला की गिऱ्हाईक पोट आत घेतं, छाती पुढे काढतं. दिवसभर मी त्यांना ओरडते, "श्वास सोडा, नाहीतर कपडा तुम्हाला नाही, तुमच्या पवित्र्याला बसेल." आणि काल हीच गोष्ट माझ्या घरात, माझ्या नाकासमोर झाली. सासूबाई ताठ नव्हत्या, ताठ उभ्या राहिल्या होत्या. एरवी त्या किती वाकून चालतात हे मला रोज दिसतं की!

"अशा का उभ्या राहिलात? मोजायचं होतं ना मला!"

त्या पलंगावर बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "वाकलेलं माणूस दिसलं की लोक त्याची सोय बघायला लागतात. हिच्याकडे ठेवा, तिच्याकडे ठेवा."

"कोण लोक? इथे मी आहे आणि तुमचा मुलगा आहे."

"तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या.

मी रागावले. "तुम्हाला वाकून उभं राहायचं तर वाका, कुबड काढून उभ्या राहा, पण खरं उभ्या राहा. नाहीतर माझे बिट फुकट झिजतात!" त्या हसल्या. बिटांचं दुःख मला खरंच होतं, हसण्यासारखं काय त्यात?

रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "आहे तिथेच राहू दे का? ताईला काय कळणार आहे?" मी ह्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पोळी तोंडात कोंबली. ताईंना कळायचा प्रश्नच नाही. धरायचं ताईंना आहे का?

शनिवार, ११

दुकान बंद. गिऱ्हाइकांना सांगितलं, घरी कार्य आहे.

आज सासूबाईंना उभं केलं नाही. म्हटलं, "रोज करता तसं सगळं करा. मी नाहीच इथे असं समजा." अंगावर कपडे असताना कोरड्या बादलीपुढे त्यांनी आंघोळीचं सोंग केलं. आधी अवघडल्या, मग विसरल्या. स्टुलावरून उठताना डावा हात आपोआप भिंतीवर गेला. कालच्याच जागी. मग उभं राहताना तोच हात वर सरकला. पुन्हा केलं, पुन्हा तसाच. हात सरळ वर जात नाही, तिरका जातो. म्हणजे दांडासुद्धा तिरपाच हवा. खालचं टोक नळाकडे, वरचं दाराकडे. आणि ह्या वेळी मी टेप लावला. खांद्याला, कोपराला, मनगटाला. सासूबाईंनी श्वास सोडलेला होता.

आता दुसरी भानगड. नळाच्या बाजूला भिंतीत पाइप असणार. पाइपात बिट घुसलं तर उद्या ताई होडीतून येतील. पाइप नेमका कुठे हे घरात कुणालाच माहीत नाही. प्लंबरला फोन केला, तो म्हणाला, "उद्या येऊन सांगतो." मी फोन बंद केला. इस्त्री करताना कापडाखालची शिवण हाताला लागते तसं काही करता येईल का, असा विचार करत होते आणि एकदम सुचलं. गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि टाइलवर तळहात फिरवत राहिले. हळूहळू एक उभा पट्टा कोमट लागायला लागला. सापडला! गार पाण्याचा त्याच्याच बाजूने गेला असणार, म्हणून दोन्हीकडे चांगली जागा सोडली. सासूबाईंनीही हात लावून खात्री केली आणि हुकूम सोडला, "आता नळ बंद कर, पाणी वाया चाललंय." खरंच, मी तशीच मशीन घेऊन उभी राहिले होते.

खालची दोन भोकं सुरळीत झाली. वरच्या पहिल्या भोकाला बिट आत जाऊन अडलं. जोर लावला तर टोकाचं पातंच निघून आलं. माझं सगळ्यात लाडकं बिट! संचात त्या मापाचं दुसरं नाही आणि शनिवारी हार्डवेअरवाला बंद. हे म्हणाले, "राहू..." आणि पुढचं गिळलं. मग स्वतःहून पेटी माझ्यापुढे धरून म्हणाले, "ह्याच्यापेक्षा बारीक आहे ना? आधी त्याने पाड. मग जाड लावून वाढव." मी चकित. ह्यांच्याकडून 'बघू'च्या पलीकडचं वाक्य! एका मापाने जाड बिटही होतं, त्याला जोडीच्या जाड गिट्ट्या फुकटातल्यांत निघाल्या. भोक जरासं सरकवलं, बारीक बिटाने सुरुवात केली, मग जाड. गेलं! शेवटचंही गेलं आणि दांडा तिरपा बसला. त्या दुकानदाराला मी मनोमन दुवा दिला. सुरुवातीचा संच असला तरी सुरुवात कशी करायची हे त्याला माहीत होतं.

दांडा आधी होता तिथल्या भोकांत टॉवेलाच्या खुंट्या बसवल्या. मुद्दाम केल्यासारख्या दिसतात.

संध्याकाळी सासूबाईंनी पुन्हा आंघोळ करते म्हणून हट्ट धरला. मी बाहेर इस्त्री घेऊन. बाहेर आल्या तेव्हा दांडा वरपासून खालपर्यंत ओला होता, टाइल कोरडी होती. मी ह्यांना हाका मारून बोलावलं, ओला दांडा दाखवला. आम्ही दोघं त्या दांड्याकडे बघत उभे राहिलो आणि मला भर बाथरूममध्ये नाचावंसं वाटलं. नाचले नाही, फरशी ओली होती.

रविवार, १२

ताई आल्या. पर्स खांद्यावरच आणि थेट बाथरूममध्ये. आम्ही सगळे मागे. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय उचलले आणि लोंबकळल्या. दांडा हूं की चूं नाही. त्यांनी हिसका दिला. पुन्हा दिला. भिंत आणि मी, दोघी ठाम उभ्या राहिलो.

"पक्का आहे," ताई म्हणाल्या. "पण असा तिरपा का?"

"आईंचा हात असा जातो."

"बसवला कुणी?"

"मी."

त्यांनी भावाकडे बघितलं. हे अभिमानाने म्हणाले, "मी टॉर्च धरला होता." ताईंना हसू फुटलं. मग त्यांनी स्वतः सासूबाईंना आत नेलं, बसवलं, उठवलं. सासूबाईंचा हात बघायचीही गरज न पडता दांड्यावर गेला आणि त्या अलगद उभ्या राहिल्या. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटत होतं मी जिंकले की ताईंचा चेहरा पडेल आणि मला मजा येईल. तसं काही झालं नाही. त्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाल्या, "वहिनी, मला रात्रीची झोप नव्हती गं."

बाहेर येऊन बसलो. मी मनात विजयाचा ढोल बडवत होते, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "मी शब्द पाळते. नेण्याचं नाव काढत नाही. पण आई, तुला विचारलंच नाही कुणी. तुला काय हवंय? माझ्याकडे यायचंय की इथे राहायचंय?"

ढोल बंद. ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. आठवडाभर मी भिंतीला भोकं पाडत होते आणि ज्यांच्यासाठी पाडत होते त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्या 'तुझ्याकडे येते' म्हणाल्या तर? म्हणू देत, माझ्या बाथरूमची अब्रू तर राहिली, असं मनाला सांगून बघितलं. मन ऐकेना.

सासूबाईंनी सावकाश पदर सारखा केला.

"तुझ्याकडे येईन गं मी, चार दिवस हौसेने येईन," त्या लेकीला म्हणाल्या. "पण कायमची कशी येऊ? ही दूध गॅसवर ठेवून फोनवर बोलते. किल्ली केसांत खोचून घरभर शोधते. नळ सोडून तशीच उभी राहते. मी गेले तर हिचं कसं व्हायचं?"

काय हा आरोप! आणि तोही ताईंच्या देखत! मी जोरात बोलायला तोंड उघडलं. हे माझ्याकडे बघत होते, ताई बघत होत्या, सासूबाई तर थेट माझ्या डोळ्यांत बघत होत्या, आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"खरंय, ताई," मी म्हटलं. "माझं काहीच व्हायचं नाही. आई मला इथेच हव्यात."